पावण्याची पावती

ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसून पावणे या गावी जाऊ पाहणाऱ्याला प्रथम कळते ते हे की, या मार्गावर पावणे नावाचे स्थानकच नाही. कोपरखैरणे मागे पडले की एकदम तुर्भे येते, आणि त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी अशा बेचक्यात वाढलेल्या कारखान्यांच्या दाटीत, हे गाव आपले गावठाण तेवढे सांभाळून बसलेले आहे. त्याच्या नावाविषयी मला फार दिवसांचे कुतूहल. पावणे म्हणजे चतुर्थांशाने उणे. बोलीत पावणे म्हणजे पाहुणे. आणि क्रियापद म्हणून घेतले तर देव पावतो, मनिऑर्डर पावते, आणि पावल्याची जी लेखी खूण तिला आपण पावती म्हणतो. ग्रामनामांची व्युत्पत्ती सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु ज्या महसूल खात्यात माझी उमेदीची वर्षे कारकुनी करण्यात गेली, तेथे या अर्थांपैकी शेवटच्याच अर्थाला मान होता. कागदावर जे पावले तेच पावले, बाकी सगळी हवा, असा आमचा वेदान्त होता.

प्रवासाचे निमित्त अगदीच क्षुल्लक. पुतण्याचा मुलगा कोपरखैरण्याला एका संगणकाच्या कंपनीत नोकरीस असतो. तो एके दिवशी जेवताना म्हणाला, "आजोबा, पावण्याच्या रस्त्यावर काही पोरं उभी असतात. स्वतःच रॅप लिहितात, स्वतः म्हणतात आणि तिथंच विकतात. तुम्हांला नाही आवडायचं ते." या शेवटच्या वाक्यानेच माझा जाण्याचा निश्चय झाला. मनुष्य सत्तरीच्या पुढे गेला म्हणजे त्याला काय आवडावे याचा निवाडा घरातील मंडळी परस्पर देऊन टाकतात, आणि त्यावर अपील करायचे तर स्वतः जागेवर जाऊन पाहणी करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

पावण्यास मी पूर्वी एकदाच गेलो होतो, ते १९७९ साली, एका मोजणीच्या कामी, भूमापकाच्या मागे कागदांची पिशवी धरून. तेव्हा ही आगगाडी नव्हती. ती २००४ साली आली. ठाण्याहून एस.टी.ने धुळीचे लोट अंगावर घेत जावे लागे. औद्योगिक विकासाचा कायदा १९६१ चा, त्याखाली महामंडळ स्थापन झाले १९६२ साली, आणि त्यानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रसायनांचे, औषधांचे, यंत्रांचे कारखाने एकामागून एक उभे राहत गेले. म्हणजे मी गेलो तेव्हा धुराड्यांचे राज्य सुरू होऊन बराच काळ लोटला होता. तरीही मधूनमधून भाताच्या खाचरांचे बांध दिसत, खाडीकडच्या बाजूला मिठागरांचे चौकोन उन्हात पांढरे चकाकत, आणि एका घराच्या पडवीत आम्हांला सुक्या बोंबलाची चटणी व तांदळाची भाकर मिळाली होती, जिची आठवण त्या मोजणीच्या नकाशापेक्षा माझ्याजवळ अधिक सुस्थितीत राहिली आहे.

त्या दिवशी घरमालकाने, वय साठीचे, अंगात बंडी, मला एक प्रश्न विचारला होता. सात-बाराच्या उताऱ्यावर त्याच्या नावाभोवती दोन अर्धगोल काढलेले होते. ते काय आहेत, असे तो विचारीत होता. नाव कमी करताना आम्ही ते खोडत नाही, त्याला कंस करतो. फेरफाराचा क्रमांक वर लिहितो आणि नाव कंसात उभे करतो. ते वाचता येते. फक्त त्याला अर्थ उरत नाही. हे मी त्याला शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. त्याने कागद पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "म्हंजे नाव हाय, पन घरान नाय." नाव आहे, पण घरात नाही. कंसाची इतकी चोख व्याख्या मी कोणत्याही परिपत्रकात वाचलेली नाही.

नव्या मुंबईचा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९७० साली सिडको आली, ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले, आणि १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात जो शेतकऱ्यांचा लढा झाला त्यात पाच माणसे पोलिसांच्या गोळीबारात प्राणांस मुकली. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व निघाले. हे सारे मी नकाशावर आणि जावक बारनिशीत पाहिले. त्याचा आवाज मात्र कधी ऐकला नव्हता.

तुर्भ्याला उतरून रिक्षा केली. उड्डाणपुलाच्या अलीकडे, जेथून रस्ता आत कारखान्यांकडे वळतो, तेथे संध्याकाळची पाळी सुटण्याच्या सुमारास वडापावच्या गाडीपाशी मी उतरलो. हवेत तो परिचित, किंचित आंबूस, किंचित गोडसर रासायनिक वास होता. चाळीस वर्षांत जुने ते सारे बदलले, वास मात्र वहिवाटदारासारखा जागा धरून बसला आहे. फाटकांतून माणसे लोंढ्याने बाहेर पडत होती, कोणाच्या हाती डबा, कोणाच्या काखेत हेल्मेट. टेंपो आणि ट्रक एकमेकांवर खेकसत होते. आणि त्या कोलाहलात, एका बंद दुकानाच्या फळीसमोर, तीन मुले उभी होती.

एकाच्या पायाशी पेटीएवढा, बॅटरीवर चालणारा ध्वनिक्षेपक. दुसरा तोंडाजवळ मूठ धरून ओठांनी, जिभेने आणि गालांनी असा काही ठेका काढीत होता की, प्रथम मला वाटले तो पेटीतूनच येतो आहे. तिसरा, सर्वांत काटकुळा, म्हणत होता. गात होता असे म्हणवत नाही. बोलत होता असेही नाही. पोवाड्यात शाहीर जेव्हा चाल सोडून गद्यात उतरतो आणि तरीही डफाचा ताल त्याच्या पायाखालून सुटत नाही, त्या सीमारेषेवरच तो सारा वेळ उभा होता. भाषा आगरी, मध्येच हिंदी, मध्येच एखादा इंग्रजी शब्द, तोही आगरी करून घेतलेला. शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यावर मालाची मांडामांड: कागदात गुंडाळलेले पेनड्राइव्ह, प्रत्येकात बारा गाणी, दोनशे रुपये, आणि ज्याला एवढे परवडत नाही त्याच्यासाठी पत्त्याएवढे कार्ड, वीस रुपये, ज्यावरील चौकटीसमोर मोबाइल धरला की पैसे तिकडे जातात आणि एक गाणे इकडे येते.

पेनड्राइव्ह कोण घेतो, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर मिळाले, ट्रकवाले. तुर्भ्याच्या बाजारात माल उतरवून रात्रभर घाटांतून जाणाऱ्या गाडीत इंटरनेट मिळत नाही. पेनड्राइव्ह मात्र कसाऱ्यातही वाजतो. बाजारपेठेचे हे ज्ञान एखाद्या अनुभवी आडत्याला शोभावे असे होते. मोठ्या कंपन्यांच्या संगीतसेवांवरही ही गाणी आहेत म्हणे. परंतु तेथे एका श्रवणामागे इतकी सूक्ष्म रक्कम मिळते की, ती मोजण्यास आमच्या वेळचे आणे-पै सुद्धा ढोबळ ठरावेत. येथे दोनशे म्हणजे दोनशे, आणि समोरच्याचा चेहरा दिसतो. "ज्याला आवरला नाय तो तोंडावर बोलतंय," म्हणणारा मुलगा हसत म्हणाला. ज्याला आवडले नाही तो तोंडावर सांगतो. समीक्षेची ही पद्धत आमच्या साहित्यसंमेलनांनीही विचारात घ्यावी.

मी तासभर उभा राहिलो. सगळे मला आवडले असे खोटे लिहिणार नाही. तीन गाण्यांत आत्मस्तुती इतकी होती की, एखाद्या संस्थानिकाच्या भाटालाही संकोच वाटावा. एका गाण्यात गाडी, घड्याळ आणि सोन्याची साखळी यांचा पाढा होता, आणि त्यांपैकी एकही वस्तू त्या तिघांच्या अंगावर नव्हती. एक यमक तर मी कानांवर हात ठेवूनच ऐकले. पण एक गोष्ट मी प्रत्येक गाण्यात टिपली: कोठे आरंभी, कोठे मध्ये, कोठे शेवटी तो आपले नाव घेत होता, आणि नावापाठोपाठ गावाचे. मी विचारले, हे दर वेळी कशासाठी? तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मी श्वास कशासाठी घेतोस असे विचारले होते. "काका, नाव नाय टाकला तं गाना कोनाचा, ते कसा समजल?"

हे वाक्य ऐकले आणि मी वडापावच्या गाडीच्या बाकावर जाऊन बसलो. कारण त्यात आपल्या शाहिरी वाङ्मयाचा अख्खा दस्तऐवज गुंडाळलेला होता. लावणीच्या अथवा पोवाड्याच्या अखेरच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो, त्याला आपण छाप म्हणतो, आणि अलंकारशास्त्राच्या वर्गात ती एक शोभेची रूढी म्हणून शिकवतो. ती शोभा नव्हती. ती हक्कनोंद होती. ज्या काळी छापखाना नव्हता, स्वामित्वहक्काचा १९५७ चा कायदा तर स्वप्नातही नव्हता, त्या काळी फडावरून फडावर, जत्रेतून जत्रेत हिंडणाऱ्या कवनाला मालक एकच उरे, तो म्हणजे कवनाच्या आत शिवलेले नाव. ते उसवल्यावाचून चोरता येत नाही, आणि उसवले तर मीटर कोसळते. अफझलखानवधाचा पोवाडा रचणाऱ्या अगिनदासाचे, ज्याला अज्ञानदासही म्हणतात, नाव आपल्याला ठाऊक आहे ते कोणत्या सनदेमुळे नव्हे, पोवाड्यामुळे. होनाजी बाळा हे तर एका माणसाचे नावच नव्हे. होनाजी शिलारखाने कवने करी आणि बाळा करंजकर ती गाई, आणि छापेत दोघांची नावे अशी एकजीव झाली की, शाळेत आम्ही कित्येक वर्षे त्यांना एकच इसम समजत होतो. सामाईक खातेच ते. त्या खात्यावर कंस करण्याची ताकद कोणत्याही मामलेदारात नाही.

ठेका धरणाऱ्या मुलाला मी झीलकरी, म्हणजे शाहिराचा साथीदार, म्हटले, तेव्हा त्याने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग मी त्यांना कलगी-तुऱ्याची हकीकत सांगितली: एक पक्ष शक्तीला श्रेष्ठ मानणारा, दुसरा शिवाला, रात्रभर समोरासमोर सवाल-जवाब चालायचे, आणि ज्याला उत्तर सुचले नाही त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागायची. "म्हंजे बॅटल," असे तिघेही एकदम उद्गारले. त्यांनी मग मला त्यांच्या पूर्वजांची वंशावळ सांगितली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ सालच्या ऑगस्टात एका वस्तीतील मेजवानीत कूल हर्क नावाच्या तरुणाने तबकड्यांवरील ठेक्याचा भाग लांबवीत लांबवीत या कलेचा पाया घातला, हे त्यांना सत्यनारायणाच्या कथेसारखे पाठ होते. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ साली हातातल्या टॅबलेटवरच पहिले गाणे तयार केले. अंधेरीच्या डिव्हाइनबरोबर त्याने २०१५ साली केलेल्या गाण्याने गल्ली हा शब्द देशभर नेला. आणि २०१९ साली त्या वातावरणावर 'गली बॉय' हा चित्रपट निघाला. अमरावतीकडचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडीत रॅप करतो, याचा त्यांना विशेष अभिमान. वऱ्हाडी चालते तर आगरी का नाही, असा त्यांचा युक्तिवाद, आणि तो मला बिनतोड वाटला.

परंतु मला सर्वांत रुचली ती कॅलिफोर्नियातील ओकलंड गावची गोष्ट, जी घरी परतल्यावर पुतण्याच्या मुलाने मला सविस्तर सांगितली. टू शॉर्ट नावाचा एक रॅपर १९८० च्या सुमारास, शाळकरी वयात, आपल्या एका मित्राबरोबर घरी कॅसेटी भरून रस्त्यावर विकत असे. आणि त्यांपैकी काही कॅसेटी मागणीबरहुकूम असत, म्हणजे गिऱ्हाईक पैसे देई आणि त्याच्या नावाचे गाणे करून घेई. पैसे देणाऱ्याचे नाव कवनात घालणे ही आमच्याकडे राजदरबारची रीत. ती तिकडे बसच्या थांब्यावर उतरली. लॉस एंजेलिसच्या निप्सी हसल याने तर २०१३ साली, संगीत फुकट मिळण्याच्या ऐन काळात, आपल्या एका संग्रहाच्या हजार प्रती प्रत्येकी शंभर डॉलरांना विकल्या. वस्तू फुकट मिळत असतानाही मनुष्य पैसे मोजतो, ते वस्तूसाठी नव्हेत. ते देणारा आणि घेणारा यांच्यात जी ओळख पडते तिच्यासाठी.

हे कळायला मला मात्र लॉस एंजेलिसला जाण्याचे कारण नव्हते. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर महापरिनिर्वाणदिनी जो जनसागर लोटतो, त्याच्या काठाकाठाने शिवाजी पार्कच्या रस्त्यांवर मी ही विक्री वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत, सतरंजीवर, कोणी गायक आपल्याच भीमगीतांच्या पातळ पुस्तिका घेऊन बसलेला असतो. स्वतः दोन कडवी म्हणतो, लोक थांबतात, पुस्तिका घेतात. पुस्तिकांच्या शेजारी पुढे कॅसेटी आल्या, कॅसेटी जाऊन सीडी आल्या, माणूस तोच राहिला. वामनदादा कर्डक, १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मलेले, ज्यांना अक्षरओळख झाली ती तरुण वयात, त्यांची गाणी खेडोपाडी पोहोचली ती अशाच तोंडी आणि हातोहाती. कोणत्या मोठ्या प्रकाशकाने त्यांना महाराष्ट्रभर नेले नाही. महाराष्ट्राने त्यांना आपल्या खांद्यावरून नेले.

येथे मध्येच एक कारकुनी शंका. या मुलांना कायद्याच्या कोणत्या रकान्यात बसवावे? २०१४ च्या कायद्याप्रमाणे पथविक्रेत्याला संरक्षण आहे, पण तो कायदा भाजी, कपडे, खाद्यपदार्थ असा माल डोळ्यांसमोर ठेवून केला असावा असे वाचताना वाटते. स्वतःच्या तोंडातून निघालेला माल विकणारा पथविक्रेता त्यात सहज सापडत नाही. गाडीच्या डब्यात जाऊन विकावे, तर रेल्वेच्या १९८९ च्या कायद्याचे १४४ वे कलम फेरीवाला आणि भिकारी या दोघांना एकाच मथळ्याखाली बसवून मोकळे होते. मुलांना या कलमाचा क्रमांक ठाऊक नव्हता. त्याचा अनुभव होता. शिवाय नाव घालण्याची किंमत निराळीच. २०२३ च्या एप्रिलात राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गाण्यांवरून गुन्हे नोंदवले गेले, ती बातमी या तिघांनी बारकाईने वाचली होती. छाप जशी हक्काची, तशी जबाबदारीचीही; निनावी लावणीवर समन्स बजावता येत नाही.

सव्वासातला गर्दी ओसरली. त्यांनी शेवटचे म्हणून एक गाणे सुरू केले, आणि त्यात गावातल्या, आता कारखान्याच्या कुंपणाआड गेलेल्या एका शेताचा उल्लेख आला. आजोबाचे नाव, पणजोबाचे नाव, आणि त्यानंतर "गट नंबर" म्हणून एक आकडा. माझे कान टवकारले. गाणे संपल्यावर मी विचारले, हा आकडा कोठून घेतलास? त्याने मोबाइलमध्ये एका जीर्ण उताऱ्याचे छायाचित्र दाखवले. घरच्या पत्र्याच्या पेटीत तो कागद होता म्हणे, बापसाने जपलेला. मी चष्मा पुसून पाहिले. अक्षर जुन्या तलाठ्याचे, वळणदार. नावाला कंस होता.

"हा गट नंबर नव्हे," मी म्हणालो. "गट येतो तो एकत्रीकरणाच्या योजनेनंतर, १९४७ च्या कायद्याखाली. तुझ्या कागदावर सर्व्हे नंबर आहे, आणि त्याच्या खाली, हे बघ, हिस्सा."

"हिस्सा?"

"हिस्सा. एका नंबराचे भावाभावांत पोटविभाग पडले की प्रत्येकाला हिस्सा क्रमांक मिळतो."

तो काही बोलला नाही. झीलकऱ्याकडे वळून त्याने बोटांनी ठेका मागितला, आणि डोळे मिटून तो शब्द तालावर टाकून पाहू लागला: हिस्सा, किस्सा, खिसा, पुन्हा हिस्सा, जोडाक्षरावर आघात देऊन. गट या दोन अक्षरी, चपट्या शब्दाने जेथे ओळ मघाशी खाली बसत होती, तेथे आता ती उसळत होती, हे माझ्यासारख्या अरसिकालाही समजले. तीन-चारदा त्याने ती ओळ मोडली आणि जुळवली. वडापाववाला तेल गाळायचे थांबवून ऐकत होता. आयुष्यभर मी पुष्कळ नोंदींतील चुका दुरुस्त केल्या. दुरुस्ती झाल्याबरोबर नोंद नाचू लागली, असे प्रथमच पाहिले.

निघताना मी एक पेनड्राइव्ह मागितला. तो पैसे घेईना. "तुमी हिस्सा दिलाव ना," असे म्हणू लागला. मी सांगितले की, सरकारी माणूस फुकट काही घेत नाही, निदान निवृत्त झाल्यावर तरी नाही, आणि वर सवयीने पावती मागितली. तिघेही हसले. पावतीपुस्तक त्यांच्या धंद्यात नव्हते. मग त्याने पेनड्राइव्हवर गुंडाळलेला कागद सोडवला, माझ्याच पेनाने, खोक्यावर वाकून, त्यावर काही लिहिले, पुन्हा गुंडाळून माझ्या हातात ठेवला. रिक्षा मिळेपर्यंत झीलकरी माझ्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि कलगीवाले जिंकत की तुरेवाले, हे विचारीत राहिला.

तुर्भ्याच्या फलाटावर दिव्याखाली मी तो कागद उलगडला. अक्षर किरटे, पण सुवाच्य. रुपये दोनशे मिळाले. खाली स्वतःचे नाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव. राहणार पावणे, तालुका ठाणे. तारीख घालायची राहिली होती. ठाण्याची गाडी आल्यावर खिडकीशी जागा मिळाली, तेव्हा ती मी घातली.